कुकरमधले स्कॅलप

समुद्री प्राणी शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, तेव्हा कुठे मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर ध्रुवप्रदेश शिकवतात, ते कुठे ध्रुवावर जाऊन आलेत? धुळ्यात बसून जेवढं शिकवता येतं तेवढं मी शिकवत होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या एका पेटीत, कापसावर, पंख्याच्या आकाराचं चुण्याचुण्यांचं एक कवच ठेवलेलं होतं. खाली चिकटवलेली चिठ्ठी: पेक्टेन. दरवर्षी ती पेटी मी पोरांच्या हातून फिरवायची आणि सांगायची की हा दोन शिंपांच्या मध्ये राहणारा प्राणी, याला स्कॅलप म्हणतात, तोंडी परीक्षेत विचारतात. पोरं चित्र काढायची, मी सही करायची. विषय संपला.

माझा धाकटा भाऊ मात्र त्याच प्राण्यावर पोट भरत होता. तो हॉटेलात स्वयंपाकी होता. लोक शेफ म्हणायचे, तो स्वतः आचारीच म्हणायचा, आणि समोरचा गोंधळला की त्याला फार मजा यायची.

आमचं गाव साक्रीकडचं. वडील लवकर गेले आणि आम्हा दोघांना मायनेच वाढवलं, थोडी कोरडवाहू शेती आणि भरपूर तोंडाळपणा यांच्या जोरावर. समुद्राशी आमच्या घराचा संबंध म्हणजे आठवडे बाजारातले सुके बोंबील आणि सुकट. ते घरात भाजले की वास चार घरं पलीकडे जायचा आणि शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडायची, "आज काय मेजवानी शे का?" अशा घरातल्या पोराने नाशिकला जाऊन हॉटेलचं शिक्षण घेतलं, तेव्हा भावकीत फार हसाहशी झाली. पोऱ्या भाकरी भाजाले शिकी ऱ्हायना, असं मायच्या तोंडावर म्हणायचे. माय म्हणायची, "शिकू द्या. तुमन्या बायका त्याना पाईन शिकतीन."

आधी तो जहाजावरच्या स्वयंपाकघरात होता, नंतर गोव्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलात स्थिरावला. दुपारची जेवणं उरकली की रात्रीची तयारी सुरू होईपर्यंत त्याला थोडी उसंत मिळायची, तेव्हा तो मला फोन करायचा. मीही कॉलेजातून आलेली असायची. तोंडात तंबाखूचा बार असल्यामुळे त्याचं बोलणं जरा जाड यायचं. मी रागवायची. "थुंक आधी, मग बोल," म्हणायची. तो थुंकायचा आणि पुन्हा भरायचा, हे मला फोनवरही कळायचं. आमच्या भागात तंबाखू इतक्या साध्या गोष्टीसारखी खातात की रागावणाराच वेडा ठरतो. मी वेडी ठरले, पण माझं कोणी ऐकलं नाही.

त्याच फोनांवर मी स्कॅलप खरा शिकले. एकदा त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. समुद्राच्या तळाशी वाळूत एक शिंपला पडलेला, आणि एकदम तो दोन्ही शिंपा फडाफडा उघडत-मिटत उठला आणि पाण्यातून निघालाच की पळत. पुस्तकात मी वाचलं होतं की हा प्राणी शिंपा आपटून पाणी मागे फेकतो आणि पोहतो. ते वाक्य मी किती वर्षं पोरांना लिहून दिलं. पण ते असं दिसत असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. "अक्का, टाळ्या वाजवत पळस तो," भाऊ म्हणाला. मग त्याने त्याचे डोळे दाखवले. शिंपेच्या कडेकडेने ओळीने मोहरीएवढे निळे डोळे, मोजता मोजता कंटाळा यावा इतके. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात दाखवलं आणि त्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी तास संपल्यावर थांबून प्रश्न विचारला.

हा प्राणी पाण्याबाहेर फार टिकत नाही, हेही त्यानेच सांगितलं. बाकीचे शिंपले तोंड घट्ट मिटून आत पाणी धरून ठेवतात, म्हणून बाजारात जिवंत मिळतात. याला तसं मिटून राहता येत नाही. म्हणून होडीवरच त्याच्या शिंपा उघडून आतला मधला स्नायू काढतात आणि बर्फात टाकतात. ज्या स्नायूने तो शिंपा आपटतो, तोच आपण खायचा. सोललेल्या रावेरच्या केळीचे जाड काप करावेत तसा दिसतो, पांढरट, गोल. त्याच्या हॉटेलात तो परदेशातून गोठवलेला यायचा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी आणि हे, म्हणजे माझा नवरा, गोव्याला गेलो. तेव्हाच तो समुद्र पाहिला. भावाने आम्हाला त्याच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी टेबल मांडून बसवलं आणि स्वतः समोर करून वाढलं. मी उभी राहून पाहत होते. त्याने ते काप कागदाने टिपून टिपून अगदी कोरडे केले. तवा धूर येईपर्यंत तापवला. मग तूप, मग काप, आणि मग हात मागे बांधून तो नुसता उभा राहिला. "हलवायचं नाही," म्हणाला. "इथेच सगळे चुकतात. जरा इकडे जरा तिकडे, झालं. त्याच्या पुढे गेलं की चपलेचा तळवा." एका बाजूला बदामी रंग आला की उलटवला, तेवढ्याच वेळात उतरवला, वर मीठ.

मी भीत भीत तोंडात टाकला. तो गोड होता. लोण्यासारखा मऊ आणि चक्क गोड. मी विचारलं, "साखर घातलीस का रे?" तो इतका हसला की आतले दोघे-तिघे बाहेर येऊन पाहायला लागले. "अक्का, ती समुद्राची साखर," तो म्हणाला. "मायले एकदा खाऊ घालनं शे."

मायला तो कधीच खाऊ घालू शकला नाही. माय गोव्याला यायला तयारच नव्हती. इतक्या पाण्याजवळ माणसं झोपतात कशी, हा तिचा प्रश्न होता.

मग त्याच्या जिभेच्या कडेला फोड आला. आचाऱ्याच्या तोंडात काहीतरी भाजतंच, म्हणून त्याने तो अंगावर काढला. भरायचा काही तो भरला नाही. त्याने मला सांगितलं तेव्हा तपासणीचा तुकडाही काढून झाला होता. "अक्का, ते तेच आहे," इतकंच म्हणाला. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात खाली बसले. माझ्या वर्गात तंबाखूवर भित्तिपत्रक लावलेलं आहे, दरवर्षी पोरांकडून करून घेते. मला त्या क्षणी ते टराटरा फाडावंसं वाटलं.

तो नोकरी सोडून धुळ्याला माझ्याकडे आला. मायही गावाहून आली. ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं. डॉक्टर चांगले होते, काही लपवलं नाही. जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल, नंतर किरणांचे शेक द्यावे लागतील, बोलणं सरावाने थोडं येईल. भावाने एकच विचारलं, "चव?" डॉक्टर म्हणाले, "चवीचं मी वचन देत नाही. गेली असं समजूनच चला."

जन्मभर चवीवर जगलेला माणूस. मीठ किती कमी आहे ते नुसत्या वासावरून सांगणारा. परतीच्या वाटेवर आम्ही चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "अक्का, एकच करायचं. जायच्या आधी एकदा स्कॅलप खायचेत. मी करणार, माझ्या हाताने. ते तोंडात घेऊन बसणार. मग न्या मला कुठेही."

हट्ट म्हणा, पण त्यात तेवढाच अर्थही होता. तोपर्यंत त्याला तिखट सोसत नव्हतं, आंबट झोंबायचं, भाकरीचा पापुद्राही टोचायचा. मऊ आणि गोड एवढंच त्याला चालत होतं. त्याच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या मित्राने मुंबईच्या व्यापाऱ्याला सांगून एक पाकीट मिळवलं आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून ट्रॅव्हल्सने धुळ्याला पाठवलं. एकच पाकीट. ते ज्या दिवशी पोहोचणार होतं, त्याच दिवशी दुपारनंतर आम्हाला नाशिकला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. दुसरी संधी नव्हती, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. त्याने मला तूप वेगळं काढून ठेवायला सांगितलं होतं. बिडाचा तवा त्याने स्वतः घासून, तेल लावून ओट्यावर ठेवला होता.

त्या सकाळी भूल देण्याआधीच्या काही तपासण्या राहिल्या होत्या, म्हणून मी आणि भाऊ बाहेर पडलो. गाडी उशिरा येईल असं ट्रॅव्हल्सवाला म्हणाला होता. ती वेळेवर आली. यांनी हायवेवर जाऊन डबा आणला, मायच्या हातात दिला, "आई, भाऊचं आहे, फ्रीजमध्ये ठेवा," म्हणाले आणि ड्युटीवर गेले.

मायने डबा उघडला. वाटेत बर्फाचं निम्मं पाणी झालं होतं. आणि लाईट गेलेली होती, फ्रीज बंद. तिने वाट पाहिली. लाईट येईना. आमचा फोन तपासणीच्या वेळी बाहेर ठेवायला लावलेला. पाकिटाला समुद्राचा वास, आणि मायच्या लेखी समुद्राचा वास म्हणजे खराब व्हायला लागलेला वास. पोराने इतक्या लांबून मागवलेली वस्तू तिच्या डोळ्यांदेखत नासत होती. तिने विचार केला तो सरळ होता, आणि तिच्या जागी आमच्या भागातली कोणतीही बाई असती तर तिने हेच केलं असतं.

तिने त्या चकत्या, ती त्यांना चकत्या म्हणायची, मीठ-हळद लावून चार पाण्यांनी धुतल्या. कांदा आणि खोबरं गॅसवर काळं होईपर्यंत भाजलं. पोराचं तोंड जपायचं म्हणून तिखट अजिबात घातलं नाही, नावाला धने आणि दोन लवंगा. आणि आजारी माणसाला कच्चं काही जायला नको म्हणून सगळं कुकरमध्ये घालून चांगल्या तीन शिट्ट्या काढल्या. मटण असतं तर तेवढ्यात जेमतेम शिजलं असतं, असं तिने मला मोठ्या समाधानाने सांगितलं.

आम्ही जिना चढत होतो तेव्हाच वास आला. भाऊ पायरीवर थांबला. त्याला नाकाने कळलं. मला कळायला दार उघडावं लागलं. ओट्यावर तो तवा होता तसाच, तेल लावलेला, आणि शेजारी गॅसवर कुकर.

"उना का रे भाऊ?" माय म्हणाली. तीही त्याला भाऊच म्हणायची. "लाईट नही. तुन्हं सामान खराब व्हई ऱ्हायंतं. मी बठ्ठं शिजाई टाकं. तीन शिट्या दिध्या. बस, गरम शे तोपावत खाई ले."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही आठवत नाही, पण ते वाईटच असणार, माझं तोंड मला माहीत आहे. भावाने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"आण माय," तो म्हणाला. "भूक लागनी."

तो खाली मांडी घालून बसला. मायने वाटीत वाढलं. त्या चकत्या आक्रसून गेल्या होत्या, करड्या, कडा मुडपलेल्या. त्याने एक उचलली आणि तोंडात ठेवली. मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला पाहवत नव्हतं. त्या दुखऱ्या जिभेने तो ती चकती या गालातून त्या गालात फिरवत होता आणि दाताखाली धरत होता, ती तुटत नव्हती. कपाळावर घाम आला. त्याने ती गिळली. मग दुसरी उचलली.

"कसं व्हयनं?" मायने विचारलं.

"मस्त व्हयनं," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मायने पदराने पुसलं आणि तिला ते कशाचं वाटलं कोण जाणे, ती हसली. लहानपणी वाढायची तशी तिने आणखी वाटीत घातली. त्याने सगळ्या खाल्ल्या. एकही मागे ठेवली नाही, मला एक चाखायलाही दिली नाही. मायने स्वतःसाठी ठेवायचा प्रश्नच नव्हता. रोगी पोराचं औषध खावं तसं तिला वाटलं असतं.

नाशिकच्या वाटेवर ड्युटीवरून आलेले हे गाडी चालवत होते, शेजारी माय बसली होती आणि झोपली होती. आम्ही दोघं मागे. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होता. मला म्हणाला, "अक्का, मायले काही सांगजो नको. कधीच नको."

मी म्हटलं, "तुला काहीच लागलं नाही ना?"

तो म्हणाला, "लवंग लागली."

हे त्याचं शेवटचं नीट ऐकू आलेलं वाक्य, माझ्या कानांना तरी. त्यानंतर हॉस्पिटलात गडबड, सह्या, माणसं. दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला तो नाकातून नळी घालून, आणि बोलायचं ते हातांनी. शेक झाले. सरावाने आवाज थोडा परतला, पण शब्द ओले आणि मोडके येत. फक्त मायला ते सगळे कळायचे. चव आली नाही. मायच्या हातची मऊ खिचडी, लापशी तो खायचा, पण त्याचं तोंड पाहून कळायचं की तो भिंत चाटावी तसं खातोय. मी एकदा चुकून गोव्यातल्या त्या जेवणाचा विषय काढला. त्याने डोळे मिटले आणि बोटांची चिमूट ओठांवर ठेवली, आचारी दाखवतात तशी. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

आजार परत आला. पौषात तो गेला. मला यावर शहाणं काही लिहिता येत नाही. माझ्या भावाला मी कडेवर घेऊन फिरवलं होतं आणि तो माझ्याआधी गेला. मला अजून राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

माय पुन्हा गावी राहायला गेली. भेटायला बायका यायच्या, बसायच्या, रडायच्या. आणि माय प्रत्येकीला एकच सांगायची. मन्हा भाऊनी शेवटे मन्हा हातनं पोटभर खादं वं. इतल्या लांबून मंगाडेल व्हतं, ते मीच रांधं, एक चकती ठेवी नही त्यानी. हे सांगताना तिचा चेहरा निवायचा. बाकी सगळ्या दिवसांत तिच्याजवळ धरायला एवढंच होतं. मी शेजारी बसून मान हलवायची. मायवर राग धरावा असं तिने काय केलं होतं? तरी तो बिडाचा तवा मी माळ्यावर टाकून दिला होता.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. त्याच्या नावाची पहिली घागर. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि गेलेलेही येतात असं मानतात, म्हणून घरोघरी त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोऱ्या, आमरस, पुरणपोळी करतात, आणि विस्तवावर तूप सोडून त्यांच्या नावाचा घास टाकतात. आखाजीच्या आधी मायचा फोन आला. "त्या चकत्या मंगाडी दे," म्हणाली. "गोडनं तर बठ्ठासलेच देतस. दुसरे दिन करना दिवशी त्याले त्या टाकसू."

करीच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी तिखट, मटण-मासळीचं करतात, पण त्याचा घास गेलेल्यांना कोणी टाकत नाही. मी तसं म्हटलं. माय म्हणाली, "मन्ही मर्जी."

मी भावाच्या मित्राला फोन केला. तो बिचारा काही न विचारता पाठवतो म्हणाला. डबा आला, फ्रीजमध्ये नीट राहिला, मी तो मांडीवर घेऊन एसटीने साक्रीकडे निघाले. बाहेर झळा लागत होत्या आणि माझ्या मांडीला बर्फाचा गारवा. सगळ्या वाटेत मी एकच विचार करत होते. आता या माझ्या हातात होत्या. आता त्या नीट करता आल्या असत्या, तुपावर, न हलवता, त्याला हव्या होत्या तशा. एकदाचं त्याला मिळालं असतं. पण मी तशा केल्या तर माय पाहणार, चाखणार, आणि तिला कळणार की त्या दिवशी पोराने काय गिळलं. भावाला त्याची चव द्यायची तर मायजवळचं ते एकच सुख काढून घ्यायचं.

आखाजी झाली. मायने घागर भरली, रडली, जेवलीही थोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मायने खोबरं भाजायला घेतलेलं. कुकर ओट्यावर. मी दारात उभी राहिले. एक शब्द पुरला असता. तिच्या हाताखाली त्या चकत्या पांढऱ्या, ओल्या, सकाळच्या उजेडात जवळजवळ पारदर्शक दिसत होत्या. गाडीतलं त्याचं 'कधीच नको' मला आठवलं, आणि मी वळून कांदा चिरायला बसले. मला ज्याच्यासाठी हे सगळं हवं होतं, त्यानेच माझं तोंड बांधून ठेवलं होतं.

तीन शिट्ट्या झाल्या. मायने मातीच्या परळात विस्तव घेतला, त्यावर तूप सोडलं, आणि रश्श्यातली एक चकती बोटाने उचलून त्याच्या नावाने ठेवली. ती विस्तवावर फुगली, तडतडली आणि काळी पडली. माय हात जोडून बसली. मग तिने उरलेलं वाटीत घेतलं.

"तू नको खाऊ," मी म्हटलं. "तुले वास येस ना."

"येऊ दे. मन्हा भाऊनी शेवटे काय खादं ते मी बी दखसू."

तिने एक तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. मायच्या दाढा कधीच्या गेलेल्या, ती हिरड्यांनी आणि पुढच्या दातांनी खाते. ती चकती या गालातून त्या गालात फिरवत राहिली. मग तिचं तोंड थांबलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"तव्हय बी आसंच व्हतं का वं?"

"नही वं माय," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात येतो तसा सरळ आला, त्याचं मला आश्चर्य वाटलं. "तव्हय मऊ व्हतं. आज शिट्टी जास्ती व्हयनी."

मायने मान हलवली. पटल्यासारखी. मग तिने वाटी पुढे ओढली आणि दुसरी चकती उचलली. मी वाटी काढून घ्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. ती एकेक करून खात राहिली, हिरड्यांनी दाबून दाबून, घाम आला तरी. तिने सगळ्या खाल्ल्या. त्या दिवसापासून दारी कोणी बाई येऊन बसली, की माय तिला पाणी देते, घरचं विचारते, पण पोराने शेवटी काय खाल्लं ते आता कोणालाच सांगत नाही.